ट्यूब जमली नाही तर? ग्रामीण रुग्णालयासाठी अवघड एअरवेचा क्रम

पहाटे तीन वाजता मण्यार चावलेला तरुण येतो. पापण्या अर्ध्यावर मिटलेल्या, लाळ गिळता येत नाही, आवाज नाकातून येतोय. सोबतचा भाऊ एवढंच सांगतो, "साहेब, याले दम घेता येऊन नाही राह्यला." ड्युटीवर एक मेडिकल ऑफिसर, एक सिस्टर आणि एक कक्षसेवक. श्वासनलिकेत ट्यूब टाकायला तुम्ही लॅरिंगोस्कोप (घसा दाखवणारं दिव्याचं उपकरण) तोंडात घालता आणि व्होकल कॉर्ड (स्वरतंतू) दिसतच नाहीत.

यानंतरच्या चार-पाच मिनिटांत होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. ट्यूब जमेना म्हणून तोच माणूस, त्याच ब्लेडने, त्याच स्थितीत चार-पाच वेळा प्रयत्न करतो. मधल्या वेळात बॅगने श्वास द्यायचं राहून जातं. घशाला सूज येते, रक्त येतं, आणि सुरुवातीला मास्कने सहज फुगणारी छाती आता फुगत नाही. आय-जेल (स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारी मऊ नळी) कपाटात असते आणि किल्ली दुसऱ्या सिस्टरकडे. मानेतून वाट काढायचा निर्णय होतो तेव्हा हृदय थांबलेलं असतं.

हा लेख ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या मेडिकल ऑफिसर, सिस्टर आणि १०८ वरच्या डॉक्टरांसाठी आहे. भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नसताना काय करायचं, एवढाच विषय. लेख वाचून हात बसत नाही, तो मॅनिकिनवर आणि ऑपरेशन थिएटरमध्येच बसतो. पण क्रम डोक्यात पक्का करणं वाचून जमतं, आणि माणसं जास्त करून क्रम चुकल्यामुळेच दगावतात.

आधी एक गोष्ट पक्की करा

आपल्याला ऑक्सिजन पोचवायचा आहे. ट्यूब हा त्याचा एक मार्ग. मास्क दुसरा, आय-जेल तिसरा, मानेतून टाकलेली ट्यूब चौथा. चारपैकी कोणत्याही एका मार्गाने छाती फुगत असेल आणि सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) टिकत असेल, तर तुमच्याकडे वेळ आहे. ट्यूब न टाकता मास्कवर किंवा आय-जेलवर रुग्ण सुखरूप रेफर केला तर त्यात कमीपणा नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण "वरचे डॉक्टर काय म्हणतील" या भीतीने टाकलेल्या ट्यूब मी पाहिल्या आहेत.

टप्पा १. ट्रे ड्युटी सुरू होतानाच मांडा

रुग्ण आल्यावर सामान गोळा करायला सुरुवात केली की लढाई निम्मी हरलेली असते. एक उघडा ट्रे किंवा खणांची ट्रॉली ठेवा, कुलूप नको. वापराच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे:

१. मोठ्यांचे ३ आणि ४ नंबरचे मास्क, रिझर्व्हॉयर लावलेली अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची), दोन-तीन मापांचे गुडेल्स एअरवे (जीभ मागे पडू न देणारी तोंडातली वाकडी नळी), एक नेझल एअरवे (तशीच नाकातली).
२. लॅरिंगोस्कोप, ३ आणि ४ नंबरचं ब्लेड, ६.०, ७.० आणि ८.० च्या कफवाल्या ट्यूब, स्टायलेट, बुजी, १० मिलीची सिरिंज, जेली, बांधायची पट्टी.
३. आय-जेल ३ आणि ४ नंबर. ३ नंबर ३० ते ६० किलोसाठी, ४ नंबर ५० ते ९० किलोसाठी. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांना हे दोन पुरतात.
४. वेगळ्या पारदर्शक पिशवीत, वरून दिसेल असं: १० नंबरचं ब्लेड लावलेला स्काल्पेल, बुजी, ६.० ची कफवाली ट्यूब. ही पिशवी सर्जिकल ट्रेमध्ये मिसळू देऊ नका. ११ नंबरचं ब्लेड टोकदार आणि अरुंद असतं, खोल जाऊन मागची भिंत फाडू शकतं. १० नंबरच्या छेदातून ६.० ची ट्यूब जाते.

बुजी म्हणजे टोकाला किंचित वाकलेली लांब, लवचिक कांडी. अवघड ट्यूबमध्ये सर्वांत जास्त कामाला येणारी वस्तू हीच, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच केंद्रांत नसते ती हीच. इंडेंटमध्ये सगळ्यात वर तिचं नाव टाका, दोन मागवा.

ऑक्सिजनचा हिशेब प्रत्येक ड्युटीला करा. भरलेल्या जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर असतात, छोट्या बी-टाइपमध्ये १,५००. १५ लिटरच्या वेगाने छोटा सिलिंडर १०० मिनिटं चालतो, अर्धा भरलेला असेल तर ५०. तुम्हाला एकाच वेळी दोन फ्लोमीटर लागणार आहेत, एक मास्कला आणि एक नाकातल्या प्रॉंग्जला. म्हणजे दोन सिलिंडर. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर प्रॉंग्जसाठी वापरता येईल, मास्कसाठी तो पुरत नाही.

*तपासा:* लॅरिंगोस्कोप उघडून दिवा पांढरा लागतो का? पिवळा, मंद लागला तर सेल बदला. सेल कुणी टॉर्चसाठी काढलेत का? बल्ब घट्ट आहे का? सक्शनची नळी तळहाताला चिकटते का? वीज गेली तर पायाने चालवायचा सक्शन कुठे आहे? अंबू बॅगचं तोंड हाताने बंद करून दाबा, हवा कुठून गळते का ते कळेल.

*सावध:* उन्हाळ्यात स्कोलीन (स्नायू शिथिल करणारं औषध) ट्रेमध्ये ठेवू नका. ते फ्रीजमधलं औषध आहे. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बाहेर पडून राहिलेल्या अँप्यूलवर भरवसा ठेवता येत नाही.

टप्पा २. एका मिनिटात मान, तोंड आणि दम पाहा

"अनपेक्षित" अवघड एअरवे पुष्कळदा न पाहिलेला असतो. औषध देण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिली, तोंड उघडायला सांगा आणि रुग्णाची स्वतःची बोटं मोजा. तीन बोटं उभी बसली तर ठीक. दोन बसली तर अवघड. एकच बसलं तर थांबा. विदर्भात हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे, कारण खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण). वर्षानुवर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरट, ताणलेले पट्टे हाताला लागतात आणि तोंड उघडत नाही. तिशीतल्या पोरांचंही. लक्षात ठेवा, दुखण्यामुळे आवळलेला जबडा शिथिल करणाऱ्या औषधाने सुटू शकतो, पण खर्ऱ्याने आखडलेला सुटत नाही. तिथे मांसपेशी आवळलेली नसते, आतली त्वचाच कातड्यासारखी झालेली असते. औषध दिलंत तर श्वास थांबेल आणि तोंड होतं तेवढंच राहील. रुग्ण बेशुद्ध असेल तर नातेवाइकांना विचारा, "खर्रा खातात का? भाकरीचा घास मोठा घेता येतो का?" उत्तर लगेच मिळतं.

दुसरी, मानेवर बोट फिरवा. पुरुषांत ॲडम्स ॲपल हाताला लागतं. तिथून मधोमध खाली घसरत या, एक मऊ खळगा लागतो, त्याच्या खाली क्रिकॉइडची कडक कडी. तो खळगा म्हणजे क्रिकोथायरॉइड पडदा. पेनाने खूण करा. बायकांत आणि जाड मानेत तो शोधणं कठीण, म्हणून शांतपणे, आत्ताच. सॅच्युरेशन ६० वर असताना थरथरत्या बोटांना तो सापडत नाही.

तिसरी, दम. सर्पदंशाच्या शुद्धीतल्या रुग्णाला सांगा, "दादा, एका दमात वीसपर्यंत मोजा बरं." पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावा आणि आकडा केसपेपरवर वेळेसह लिहा. अठरा, चौदा, नऊ असा उतरत गेला तर सॅच्युरेशन ९८ असलं तरी श्वास हातचा जातोय. उशीवरून डोकं उचलता येत नाही, लाळ तोंडात साचते, हीही तीच खूण.

टप्पा ३. आत्ता, इथेच टाकायची का ते ठरवा

स्वतःला विचारा: मास्क आणि ऑक्सिजनवर हा रुग्ण मोठ्या रुग्णालयापर्यंत टिकेल का? वणीहून चंद्रपूर आणि धारणीहून अमरावती ही दोन वेगळी उत्तरं आहेत. धारणी किंवा भामरागडहून जिल्ह्याचं ठिकाण गाठायला तीन-चार तास लागू शकतात, आणि हलत्या गाडीत, मेळघाटच्या वळणांवर ट्यूब टाकणं सर्वांत वाईट. श्वास उतरणीला लागलेला असेल तर निघण्याआधी सोय करा.

तोंड एक बोट उघडत असेल आणि रुग्ण स्वतः श्वास घेत असेल, तर शिथिल करणारं औषध देऊ नका. बसवून ठेवा, ऑक्सिजन द्या, सक्शन हाताशी, फोन करा, पाठवा. हा माझा ठाम सल्ला आहे.

आणि ज्याने शिथिल करणारं औषध कुणाच्या देखरेखीखाली कधीच दिलेलं नाही, त्याने रात्री एकट्याने ते पहिल्यांदा देऊ नये. मास्क, आय-जेल आणि लवकर रेफर, हा त्याच्यासाठी पूर्ण आणि योग्य उपचार आहे.

टप्पा ४. कामं वाटा आणि वाक्यं ठरवा

मी नवा असताना एका ग्रामीण रुग्णालयात फवारणीतून विषबाधा झालेला पस्तिशीचा शेतमजूर आला. तोंड न तपासता मी औषध दिलं. ब्लेड जेमतेम शिरलं, तेही आडवं. मी चार वेळा प्रयत्न केले. पल्स ऑक्सिमीटरचा टिट-टिट आवाज खाली, जाड होत गेला आणि मला तो ऐकूच येत नव्हता. माझ्या उजव्या हाताला सिस्टर उभ्या होत्या, आय-जेलचं पाकीट हातात धरून. त्या बोलल्या नाहीत, कारण त्यांना वाटलं साहेबांना माहीत असेल. शेवटी कक्षसेवक मामांनी बॅग दाबली, मी दोन्ही हातांनी मास्क धरला आणि सॅच्युरेशन वर आलं. तो माणूस वाचला. ते पाकीट मात्र मला अजून दिसतं.

तेव्हापासून औषध भरण्याआधी मी तीस सेकंद बोलतो, मोठ्याने, सगळ्यांसमोर:

"सिस्टर, मी दोनदा प्रयत्न करीन. सॅच्युरेशन ९३ च्या खाली गेलं की तुम्ही 'थांबा' म्हणायचं, मी थांबीन. दोनदा जमलं नाही तर तुम्ही न विचारता आय-जेल माझ्या हातात द्यायची. तीही नाही बसली तर दोन हातांनी मास्क. छाती फुगली नाही तर मी मान उघडणार, ही पिशवी. मामा, तुम्ही डोक्याच्या डाव्या बाजूला, बॅग तुमच्याकडे."

सिस्टरला थांबवायचा अधिकार आधी, सगळ्यांसमोर द्यायचा असतो. ऐन वेळी तो घेता येत नाही.

*तपासा:* मोजणार कोण? वेळ कोण सांगणार? मोठ्या रुग्णालयाला फोन कोण लावणार? तिन्ही नावं ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ५. स्थिती आणि आधीचा ऑक्सिजन

याला तीन मिनिटं लागतात आणि नेमकी हीच गाळली जातात.

डोक्याखाली दुमडलेली चादर घाला, खांद्याखाली नको. बाजूने पाहा: कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत यायला हवी. जाड रुग्णाला पाठीपासून उतरंड करावी लागते. शक्य असेल तर पलंगाचं डोकं २० ते ३० अंश वर घ्या. अपघातात मानेची शंका असेल तर चादर नको. एकाने दोन्ही बाजूंनी डोकं स्थिर धरायचं, कॉलरचा पुढचा भाग उघडायचा आणि जबडा पुढे ढकलायचा.

नाकात प्रॉंग्ज, वर घट्ट मास्क. मास्कला १५ लिटर, रिझर्व्हॉयर फुगलेला. तीन मिनिटं शांत श्वास. रुग्ण समजूतदार असेल आणि घाई असेल तर मिनिटभरात आठ खोल श्वास. औषध दिल्यावर प्रॉंग्जचा वेग १५ करा (कॉन्सन्ट्रेटरवर असाल तर पूर्ण पाच) आणि ट्यूब पक्की होईपर्यंत काढू नका. श्वास थांबलेला असतानाही त्यातून थोडा ऑक्सिजन पोचत राहतो.

विषबाधेच्या रुग्णात आधी ॲट्रोपिन आणि सक्शन. फुप्फुसात पाणी भरलेलं असताना सॅच्युरेशन काही सेकंदांत कोसळतं. रक्तदाब पडलेला असेल तर सलाइन चालू करा. त्या अवस्थेत भूल देताच हृदय थांबू शकतं.

*सावध:* ९० च्या वर सॅच्युरेशन नेता येत नसेल तर औषध देण्याआधी बॅगने हलके श्वास द्या. ८२ वर सुरुवात केली तर तुमच्याकडे एकही प्रयत्न नाही.

टप्पा ६. औषधं

केटामिन १ ते २ मिलिग्रॅम प्रतिकिलो, शॉकमध्ये त्याच्या निम्मं. स्कोलीन १.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा रोक्युरोनियम १.२. कीटकनाशकाच्या विषबाधेत स्कोलीन टाळा, त्या विषामुळे त्याचा असर फार लांबतो. जुन्या भाजलेल्या रुग्णातही नको, पोटॅशियम वाढतं. सर्पदंशात स्नायू मुळातच लुळे असतात, शिथिल करणारं औषध बहुधा लागतच नाही. पण रुग्णाला सगळं ऐकू येत असतं. डोळे मिटलेले, हात हलत नाहीत, म्हणून तो बेशुद्ध आहे असं समजून बोलू नका, आणि झोपेचं औषध विसरू नका.

टप्पा ७. पहिला प्रयत्न, आणि गरज पडली तर दुसरा

पहिला प्रयत्न सर्वांत चांगला करा. बुजी पहिल्यापासून हातात. ब्लेड दातांच्या आत गेलं की प्रयत्न मोजला गेला, ट्यूब हातात घेतली असो वा नसो. सिस्टर मोठ्याने म्हणतील, "पहिला."

कॉर्ड दिसत नाहीत? ब्लेड आत असतानाच आपल्या उजव्या हाताने बाहेरून स्वरयंत्र मागे, वर आणि रुग्णाच्या उजवीकडे ढकलून पाहा. दिसलं की मदतनिसाचा हात तिथे ठेवा. फक्त एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरची झडप) दिसत असेल तर बुजीचं वाकडं टोक त्याच्या खालून मधोमध सरकवा. श्वासनलिकेत गेली तर कड्यांवरून घासत जाताना टक-टक असे हलके झटके बोटाला जाणवतात. अन्ननलिकेत ती लोण्यात गेल्यासारखी सरकते. जोर लावू नका. आता ब्लेड न काढता मदतनिसाला बुजीवरून ट्यूब ओवायला सांगा. अडली तर ट्यूब किंचित मागे घ्या, डावीकडे पाव फेरा फिरवा, पुन्हा ढकला. इथे घाईने ब्लेड काढून घेणं ही फार नेहमीची चूक आहे.

९३ झालं, किंवा तीसेक सेकंद झाले, की बाहेर. बॅगने सॅच्युरेशन वर आणा.

दुसऱ्या प्रयत्नाआधी काहीतरी बदला: डोक्याची उंची, ब्लेडचं माप, सक्शन, ट्यूब एक माप लहान, किंवा माणूस. काय बदललं ते तोंडाने सांगता येत नसेल तर दुसरा प्रयत्न करू नका.

ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना जास्तीत जास्त तीन प्रयत्नांना परवानगी देतात, तेही मधे सॅच्युरेशन ९५ च्या वर ठेवून. एकट्या मेडिकल ऑफिसरने दोनवर थांबावं असं माझं मत आहे. तिसरा प्रयत्न तुमच्यापेक्षा अनुभवी हात खोलीत आला तरच.

टप्पा ८. ट्यूब कुठे गेली?

कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आलेखाने दाखवणारं यंत्र) असेल तर तोच शेवटचा शब्द. किमान सात श्वास सलग आलेख दिसायला हवा. आलेख सपाट म्हणजे ट्यूब अन्ननलिकेत आहे असं धरून चाला. "हृदय थांबलंय म्हणून आलेख नाही" ही समजूत घातक आहे. छाती दाबणं चालू असताना ट्यूब जागेवर असेल तर लहान का होईना, पण आलेख येतो.

कॅप्नोग्राफ नसेल तर रंग बदलणारा छोटा डिटेक्टर मागवा, जांभळ्याचा पिवळा होतो. तोही नसेल तर: ट्यूब कॉर्डमधून जाताना स्वतः पाहिली का? आधी पोटावर स्टेथोस्कोप, मग दोन्ही काखांत. ट्यूबमधली वाफ आणि "वाटतंय हवा जातेय" यावर विसंबू नका, अन्ननलिकेतल्या ट्यूबमध्येही वाफ धरते. आणि चांगला ऑक्सिजन भरलेल्या रुग्णाचं सॅच्युरेशन काही मिनिटं छान राहतं, मग एकदम पडतं.

*थांबा:* शंका असेल तर ट्यूब काढा आणि मास्कने श्वास द्या. शंकेची ट्यूब तशीच ठेवून ॲम्ब्युलन्समध्ये चढवू नका.

बरोबर असेल तर बायकांत २१, पुरुषांत २३ सेंटिमीटर दाताजवळ धरून बांधा.

टप्पा ९. आय-जेल

दोन प्रयत्न संपले की मोठ्याने म्हणा: "ट्यूब जमली नाही. आता आय-जेल." हे वाक्य जड जातं, म्हणूनच ते आधी ठरवून ठेवलेलं.

आय-जेलच्या पाठीला जेली लावा, तिच्या तोंडाच्या भोकाला नको. डोकं मागे, हनुवटी खाली ओढून धरा, कडक टाळूला घासत मागे आणि खाली सरकवा, अडेपर्यंत. बोट घालून जीभ दाबायची गरज नाही. बॅग लावा, छाती पाहा. गळत असेल तर जबडा पुढे ओढा, किंचित वर-खाली करा, नाहीतर माप बदला. दोनच प्रयत्न.

बसली? मग हात आवरा. "आता हिच्यातून ट्यूब टाकून बघू" हा मोह टाळा. तिच्या बाजूच्या छिद्रातून पोटाची नळी घाला, पोट रिकामं करा, पट्टीने बांधा आणि पाठवायची तयारी करा. विषबाधेत आणि भरल्या पोटी उलटी वर येण्याचा धोका राहतोच, म्हणून डोकं वर आणि सक्शन उशाशी.

टप्पा १०. मास्क, यावेळी दोन हातांनी

एका हाताने मास्क धरून "हवा जात नाही" असं जाहीर करू नका. तो मास्कचा पराभव नाही, पकडीचा आहे.

योग्य मापाचा गुडेल्स एअरवे घाला (तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मोजून). तोंड उघडत नसेल तर नेझल एअरवे, पण कवटीच्या तळाला इजा असल्याची शंका असेल तर तो नको. दोन्ही अंगठे आणि तळहाताचे फुगीर भाग मास्कच्या दोन्ही कडांवर, बोटं पायांच्या दिशेने, जबड्याच्या कोनाखाली. मास्क खाली दाबण्यापेक्षा जबडा मास्कमध्ये वर ओढा. बॅग दुसऱ्याने दाबायची, छाती उचलली जाईल एवढीच, मिनिटाला दहा-बारा वेळा. मोठ्यांची बॅग दीडेक लिटरची असते. पूर्ण पिळली तर पोट फुगतं, उलटी येते, आणि फुप्फुसाला जागा उरत नाही. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या गालात गुंडाळलेलं गॉज ठेवा, कवळी असेल तर मास्कसाठी आत राहू द्या.

*तपासा:* छाती उचलली जाते का? सॅच्युरेशन थांबलंय की घसरतंय? उचलली जात असेल तर तुम्ही सुरक्षित किनाऱ्यावर आहात. तसेच राहा, फोन लावा.

टप्पा ११. मानेतून वाट

ट्यूब नाही, आय-जेल नाही, दोन हातांच्या मास्कनेही छाती उचलली जात नाही. म्हणा: "हवा जात नाही. मी मान उघडतोय." नाडी मंदावायची वाट पाहू नका. सर्जनला फोन लावून परवानगी मागू नका. इथे उशीर करण्याइतकी हानी दुसऱ्या कशानेच होत नाही.

वरून ऑक्सिजन चालूच ठेवा. मान मागे ताणा, खांद्याखाली चादर.

१. उजवे हाताचे असाल तर रुग्णाच्या डाव्या बाजूला उभे राहा. डाव्या हाताचा अंगठा आणि मधल्या बोटाने स्वरयंत्र दोन्ही बाजूंनी घट्ट पकडा, तर्जनीने आधी केलेल्या खुणेवर खळगा शोधा. ही पकड सोडू नका.
२. धार स्वतःकडे ठेवून ब्लेड आडवं, कातडी आणि पडदा एकाच वेळी भेदून आत. पडदा भेदला गेला की "फट" असं जाणवतं.
३. ब्लेड न काढता ९० अंशांत फिरवा, धार पायांकडे. स्काल्पेल आता डाव्या हातात घ्या, मूठ उभी ठेवून हलके आपल्याकडे ओढा. पलीकडच्या बाजूला फट उघडते.
४. बुजीचं वाकडं टोक त्या फटीतून ब्लेडला घासत आत घाला, मग श्वासनलिकेच्या दिशेला वळवून १० ते १५ सेंटिमीटर हळू सरकवा. आता ब्लेड काढा.
५. जेली लावलेली ६.० ची ट्यूब फिरवत-फिरवत बुजीवरून आत. कफ दिसेनासा झाला की पुरे, खोल ढकलली तर एकाच फुप्फुसात जाते. बुजी काढा, कफ फुगवा, बॅग लावा, छाती पाहा, आलेख पाहा.

जाड मान, सूज, काही हाताला लागत नाही? मधोमध ८ ते १० सेंटिमीटर उभा छेद घ्या, दोन्ही हातांच्या बोटांनी मांस बाजूला सारत स्वरयंत्र चाचपा, सापडलं की वरचाच क्रम.

रक्त येईल, दिसेनासं होईल. बोटाने चाचपत पुढे जा, पुसत बसू नका. ट्यूब आत गेल्यावर दाबून रक्त थांबवता येतं.

हे रुग्णावर पहिल्यांदा करू नका. रविवारी मटणाच्या दुकानातून बोकडाचं नरडं आणा, वर रेक्झिनचा तुकडा ताणून बांधा आणि सगळ्या सिस्टर-डॉक्टरांनी मिळून करा. चाळीस मिनिटांत प्रत्येकाचे पाच-सहा वेळा होतात. दर तीन महिन्यांनी पुन्हा. पडदा भेदल्याचा तो झटका बोटांनी एकदा ओळखला की रात्रीच्या वेळी हात अडखळत नाही.

लहान मुलांबद्दल थोडं

आठ वर्षांखालच्या मुलाला स्काल्पेलची ही पद्धत लावू नका. मुलं जवळपास नेहमी नीट धरलेल्या मास्कवर किंवा मापाच्या आय-जेलवर टिकतात: १० ते २५ किलोला २ नंबर, ५ ते १२ किलोला १.५. पोट लवकर फुगतं आणि फुगलेलं पोट छातीला हलू देत नाही, म्हणून पोटात नळी आधी. सीताफळाची बी किंवा शेंगदाणा अडकलेलं मूल खोकत, रडत असेल तर तोंडात बोट घालू नका, उताणं झोपवू नका. आईच्या मांडीवर बसवून तसंच पाठवा.

टप्पा १२. पाठवताना

ट्यूब असो वा आय-जेल, स्ट्रेचरवरून गाडीत चढवल्यावर पुन्हा तपासा. ट्यूब सर्वांत जास्त इथेच निसटते. गाडीत अंबू बॅग, मास्क, सक्शन आणि ती पारदर्शक पिशवी. सिलिंडरचा हिशेब रस्त्याच्या दुप्पट वेळेचा. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर गाडी तासभर थांबू शकते. वाटेत सॅच्युरेशन पडलं तर क्रमाने पाहा: ट्यूब सरकली का, चोंदली का, छातीत फुप्फुसाबाहेर हवा भरली का, सिलिंडर संपला का.

रेफर चिठ्ठीवर "डिफिकल्ट इंट्यूबेशन" एवढंच लिहून पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही. लिहा: तोंड किती बोटं उघडतं, मास्कने हवा सोपी गेली की दोन हात लागले, किती प्रयत्न, कोणतं ब्लेड, कॉर्ड दिसल्या का, शेवटी कशाने जमलं. तेच मराठीत एका कागदावर लिहून नातेवाइकाच्या हातात द्या आणि समजावून सांगा: "पुढं कधीही ऑपरेशन असलं, दाताचं का असेना, तर भूल देणाऱ्या डॉक्टरले हा कागद आधी दाखवजा. आधार कार्डासोबत ठेवा."

गाडी फाटकाबाहेर गेली की ट्रे पुन्हा भरा. नवीन ब्लेड, नवीन ट्यूब, बुजी धुऊन निर्जंतुक करायला, सेल तपासून. मग सगळ्यांनी पाच मिनिटं बसा आणि सिस्टरला पहिल्यांदा बोलू द्या: "थांबा" म्हणावंसं कधी वाटलं होतं?